चंचुपात्रातले संशोधन : सोलापूर-कोल्हापूरच्या नॅनो प्रयोगशाळांची वाटचाल

बी.एस्सी.चे निकाल लागले की दर वर्षी काही विद्यार्थी आपल्या शिक्षकांकडे एक प्रश्न घेऊन येतात. "सर, संशोधन करायचे तर पुण्या-मुंबईलाच जावे लागेल ना?" विद्यार्थी सोलापूरचा असो, बार्शीचा असो वा पंढरपूरचा, प्रश्न तोच असतो. शिक्षकही बहुधा होकारार्थी मान डोलावतात. संशोधन म्हणजे कोट्यवधींची यंत्रे, वातानुकूलित दालने आणि परदेशात शिकून आलेले प्राध्यापक, अशी आपली समजूत असते. त्यात 'नॅनो' हा शब्द आला की ती आणखी पक्की होते.

सोलापूर-कोल्हापूर पट्ट्याचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. महाराष्ट्राच्या या भागात नॅनोपदार्थांच्या संशोधनाची एक परंपरा उभी राहिली. ती महागड्या यंत्रांतून आली नाही. चंचुपात्र, काचपट्टी, तापमापी आणि गरम पाण्याचे पात्र यांतून ती आली. ती कशी आली, तिने विद्यार्थ्यांना काय दिले आणि कोठे ती अडली, हे शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहे. कारण विद्यार्थ्याला वरील प्रश्नाचे उत्तर देण्याची पहिली जबाबदारी त्यांच्यावरच येते.

नॅनो म्हणजे किती लहान?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. एक ते शंभर नॅनोमीटर आकाराच्या कणांना सामान्यतः नॅनोकण म्हणतात.

या आकाराला एवढे महत्त्व का, हे वर्गात एका सोप्या गणिताने दाखवता येते. एक सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे बारीक घन केले अशी कल्पना करा. पदार्थ तेवढाच राहिला, पण सर्व घनांचे मिळून पृष्ठफळ झाले ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार कबड्डीच्या मैदानांइतके! रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असेल, तर असा पदार्थ कितीतरी जास्त क्रियाशील असणार हे उघड आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. अर्धवाहक पदार्थाचा कण काही नॅनोमीटरांइतका लहान झाला की त्यातील इलेक्ट्रॉन कोंडल्यासारखे होतात आणि त्यांच्या ऊर्जेच्या पातळ्या बदलतात. परिणामी पदार्थ तोच असूनही आकाराप्रमाणे त्याचा रंग बदलतो. या 'क्वांटम डॉट'च्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पदवीपुढची सोय

सोलापुरात महाविद्यालयीन शिक्षण तसे जुने. दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये निघाले, संगमेश्वर महाविद्यालय १९५३ मध्ये. परंतु संशोधनाची सोय ही वेगळी गोष्ट. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलामुलींना एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी तुलनेने जवळचे ठिकाण मिळाले. पुढे विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र सोलापुरातही सुरू झाले. १ ऑगस्ट २००४ रोजी याच केंद्राच्या जागी, पुणे रस्त्यावरील केगाव येथे, सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले. २०१९ पासून त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे आहे.

नव्या विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या अध्यापकांपुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. हाताशी जे आहे त्यात जगाला उपयोगी पडेल असे कोणते संशोधन करता येईल? १९७३ मध्ये खनिज तेलाच्या किमती भडकल्या आणि सौर ऊर्जेकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. सौरघटासाठी लागतात अर्धवाहक पदार्थांचे पातळ थर. असे थर देण्याची एक प्रतिष्ठित पद्धत म्हणजे निर्वात पात्रात पदार्थाची वाफ करून ती काचेवर बसवणे. त्यासाठी चांगले निर्वात पंप लागतात, सुटे भाग लागतात आणि तासन्‌तास अखंड वीज लागते. जिल्ह्याच्या गावी यांतले काय मिळणार?

काचपट्टीवरचा पिवळा थर

दुसरा मार्ग होता रासायनिक निक्षेपणाचा. तो नवा मुळीच नव्हता. थायोयुरियाचा शोध लावणारे आयरिश रसायनशास्त्रज्ञ इमर्सन रेनॉल्ड्स यांनी १८८४ मध्येच थायोयुरिया वापरून काचेवर लेड सल्फाइडचा चकचकीत थर चढवला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे थर अवरक्त किरण ओळखण्यासाठी वापरले गेले.

या पद्धतीचे तत्त्व अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रातलेच आहे. कॅडमियम सल्फाइडचे उदाहरण घेऊ. कॅडमियमच्या क्षाराच्या द्रावणात सरळ सल्फाइड आयन घातले तर क्षणात पिवळा साका तळाशी बसतो. थर मिळत नाही. म्हणून द्रावणात आधी अमोनिया घालतात. अमोनिया कॅडमियमच्या आयनांना धरून ठेवतो आणि थोडेथोडे सोडतो. सल्फाइडसाठी थायोयुरिया घेतात. अल्कधर्मी द्रावणात त्याचे हळूहळू विघटन होते आणि सल्फाइड आयन सावकाश मिळतात. दोन्ही आयनांच्या संहतींचा गुणाकार विद्राव्यता गुणाकाराच्या किंचित वर गेला की पदार्थ द्रावणातून बाहेर पडू लागतो. या मंद गतीमुळे तो काचपट्टीच्या पृष्ठभागावरही जमतो. द्रावण साठ ते ऐंशी अंश सेल्सिअसला ठेवले की काही वेळाने काचपट्टीवर पारदर्शक पिवळा थर दिसू लागतो. हाच तो सौरघटात वापरता येण्याजोगा अर्धवाहक थर.

येथे एक सूचना दिली पाहिजे. कॅडमियमची संयुगे विषारी असतात. हा प्रयोग शाळेत करू नये. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही तो हातमोजे घालून आणि धूर ओढून नेणाऱ्या कपाटात करायचा असतो, आणि उरलेले द्रावण मोरीत ओतायचे नसते.

दुसरी स्वस्त पद्धत फवाऱ्याची. १९६६ मध्ये अमेरिकेत चेंबरलिन आणि स्कारमन यांनी कॅडमियम सल्फाइडचे थर देण्यासाठी ती वापरली. तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा. काचेवर पोहोचताच पाणी उडून जाते, क्षारांचे विघटन होते आणि थर उरतो. यासाठी हवेचा कॉम्प्रेसर, काचेचा नोझल आणि तापवलेली धातूची पाटी पुरते. वीज वाहून नेणारी पारदर्शक काच, म्हणजे टिन ऑक्साइडचा थर दिलेली काच, या रीतीने प्रयोगशाळेतच तयार करता येऊ लागली.

तिसरी पद्धत फ्रान्समधील निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडली. काचपट्टी एका आयनाच्या द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्या आयनाच्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. अशा प्रत्येक फेऱ्यात अतिशय पातळ थर वाढतो. पन्नास-शंभर फेरे मोजून करायचे. हिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सिलार' म्हणतात. हात स्थिर असला आणि मोजणी चुकली नाही की काम होते.

या तिन्ही पद्धतींचा कोल्हापूरच्या भौतिकशास्त्र विभागाने बारकाईने अभ्यास केला. प्रा. एस. एच. पवार, प्रा. सी. डी. लोखंडे, प्रा. सी. एच. भोसले, प्रा. पी. एस. पाटील आणि त्यांचे विद्यार्थी यांनी एकेका पदार्थाचे थर देऊन त्यांचे गुणधर्म मोजले. लोखंडे यांचा रासायनिक निक्षेपणाचा आढावा घेणारा लेख १९९१ मध्ये, पाटील यांचा फवारा पद्धतीवरील लेख १९९९ मध्ये, तर पठाण आणि लोखंडे यांचा 'सिलार'वरील लेख २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या प्रयोगशाळांतून या लेखांचे संदर्भ दिले गेले. आपल्या विद्यार्थ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही.

दोष गुण झाला

या थरांना सुरुवातीला एक दूषण दिले जाई. त्यांतील स्फटिक फार लहान असत. सौरघटात विद्युतप्रवाह नीट वाहायचा तर मोठे स्फटिक चांगले, कारण दोन स्फटिकांच्या सीमेवर प्रवाह अडतो. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखावर या थरांचे शिखर टोकदार न येता पसरट येई. शेरर यांनी १९१८ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे शिखर जितके पसरट तितका स्फटिक लहान. म्हणजे स्वस्त पद्धतीने स्वस्तातला माल मिळतो, असाच अनेकांचा समज होता.

१९८७ मध्ये इस्राएलमधील गॅरी होड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लक्षणीय निरीक्षण प्रसिद्ध केले. रासायनिक रीतीने बसवलेल्या कॅडमियम सेलेनाइडच्या थरातील स्फटिक इतके लहान होते की त्यांत क्वांटम परिणाम दिसत होता. थराचा रंग नेहमीच्या पदार्थापेक्षा वेगळा होता आणि स्फटिकाच्या आकाराप्रमाणे तो बदलत होता. आजवर ज्याला दोष म्हटले तोच आता अभ्यासाचा विषय झाला. १९९१ मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांच्या थरावर रंजक चढवून नव्या प्रकारचा सौरघट केला. त्यात तर लहान कण आणि भरपूर पृष्ठफळ हेच हवे होते.

आता कोल्हापूर-सोलापूरच्या प्रयोगशाळांची स्थिती पाहा. नॅनोपदार्थ हा शब्द जगभर गाजू लागला, तेव्हा ते तयार करण्याच्या रीती येथे आधीच हाताला बसलेल्या होत्या. अमेरिकेने २००० मध्ये नॅनोतंत्रज्ञानाचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. भारताने २००१ मध्ये अशा संशोधनासाठी पहिला उपक्रम सुरू केला आणि २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपयांचे 'नॅनो मिशन' मंजूर केले. त्याआधी पंधरा-वीस वर्षे येथील विद्यार्थी चंचुपात्रात काचपट्ट्या बुडवत होते. फॅशन म्हणून विषय निवडला असता तर ही तयारी झाली नसती.

थर येथे, तपासणी तेथे

थर तयार करणे स्वस्त असले तरी त्याची तपासणी स्वस्त नसते. नॅनोकण पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो आणि त्याची किंमत कोट्यवधींच्या घरात जाते. मग हे संशोधन चालले कसे?

याचे उत्तर सामायिक यंत्रांच्या व्यवस्थेत आहे. १९७० च्या दशकात केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने निवडक संस्थांत यंत्रकेंद्रे उभारायला सुरुवात केली. मुंबईच्या आयआयटीतले केंद्र त्यांपैकी एक. कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थ्याने शुल्क भरून आपला नमुना द्यावा आणि मापन करून घ्यावे, अशी ही सोय. विद्यापीठ अनुदान आयोगानेही आंतरविद्यापीठीय केंद्रे काढली. त्यांतील एकाचे मुख्यालय १९९० पासून इंदूर येथे आहे. अणुऊर्जा खात्याच्या सहकार्याने चालणाऱ्या या केंद्रात विद्यापीठांतील संशोधकांना मोठी उपकरणे वापरू देतात. २००० मध्ये सुरू झालेल्या 'फिस्ट' योजनेतून विद्यापीठांच्या विभागांना स्वतःची यंत्रे घेण्यासाठीही निधी मिळू लागला.

नमुने बांधून प्रवासाला निघणारा विद्यार्थी हे या संशोधनाचे नेहमीचे दृश्य. मोठ्या केंद्रावर यंत्राची वेळ मोजकी मिळते, म्हणून कोणता नमुना न्यायचा आणि त्यातून नेमके काय शोधायचे याचा विचार आधीच करावा लागतो. यंत्र शेजारच्या खोलीत असणाऱ्याला ही शिस्त सहज लागत नाही.

केगावच्या प्रयोगशाळा

सोलापुरात हे काम प्रा. एल. पी. देशमुख यांच्या पातळ थर आणि सौर अभ्यासाच्या प्रयोगशाळेत रुजले. द्रवात बुडवलेल्या अर्धवाहक थरावर प्रकाश पाडून वीज मिळवणारे प्रकाशविद्युत-रासायनिक घट हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर नव्या प्रयोगशाळाही निघाल्या. प्रा. विकास पाटील यांच्या गटाने वायू ओळखणाऱ्या संवेदकांवर काम केले.

या संवेदकांचे उदाहरण शिक्षकांना वर्गात वापरता येईल. पॉलिॲनिलीन हे वीज वाहून नेणारे बहुवारिक आहे. विजेचे वहन करणाऱ्या बहुवारिकांच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० चे नोबेल मिळाले. ॲनिलीनचे आम्लात ऑक्सिडीकरण केले की हिरवे पॉलिॲनिलीन मिळते. त्याच्या थरावर अमोनिया वायू आला की तो थरातील प्रोटॉन ओढून घेतो आणि थराचा विद्युतरोध वाढतो. रोध मोजला की वायूचा सुगावा लागतो. झिंक ऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण त्यात मिसळले तर कोणता वायू किती लवकर आणि किती नेमका ओळखला जातो, यात फरक पडतो. धातूंच्या ऑक्साइडचे नेहमीचे संवेदक बरेच तापवावे लागतात, तर पॉलिॲनिलीन खोलीच्या तापमानालाही काम करते. घटक साधे आहेत, पण किती प्रमाणात मिसळावे, थर किती जाडीचा असावा, तोच संवेदक महिन्यानंतरही तसाच वागतो का, हे प्रश्न एकेका विद्यार्थ्याच्या पीएच.डी.ला पुरतात.

गावाच्या गरजांशी जोडलेले प्रश्नही आहेत. सोलापूरची चादर आणि टॉवेल सर्वत्र माहीत आहेत. कापड रंगवले की रंगीत सांडपाणी निघते आणि कित्येक रंजके निसर्गात सहज विघटित होत नाहीत. टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की त्याच्या पृष्ठभागावर अतिशय क्रियाशील घटक तयार होतात आणि ते रंजकाच्या रेणूंचे तुकडे करतात. या पदार्थाच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन होते, हे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये दाखवले होते. आता अडचण अशी, की सूर्यप्रकाशात अतिनील किरण फार थोडे असतात. दृश्य प्रकाशात चालणारा, पाण्यातून परत काढता येणारा आणि स्वस्त उत्प्रेरक कोणता, हा प्रश्न जगभर अजून पूर्ण सुटलेला नाही. सोलापूरच्या उन्हात तो सोडवू पाहण्यात औचित्य आहे.

कोरियाची वाट

पीएच.डी. झाल्यावर पुढे काय? पोस्ट-डॉक म्हणजे पदवीनंतर दुसऱ्या प्रयोगशाळेत काही वर्षे केलेले, वेतन मिळणारे संशोधन. या भागातल्या विद्यार्थ्यांची यासाठीची वाट विशेषेकरून दक्षिण कोरियाकडे गेली. १९९९ मध्ये त्या देशाने 'ब्रेन कोरिया २१' ही योजना सुरू करून विद्यापीठांना पदव्युत्तर विद्यार्थी आणि तरुण संशोधकांसाठी मोठा निधी दिला. २००१ पासून तेथे नॅनोतंत्रज्ञानाचाही राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्रयोगशाळा उभ्या होत्या, यंत्रे आली होती, आणि अनुभवी हात हवे होते. रासायनिक रीतीने थर देण्यात मुरलेले हात कोल्हापूर-सोलापूरकडे होते.

सोलमधील हानयांग विद्यापीठ, कोरियाची विज्ञान व तंत्रज्ञान संस्था, ग्वांगजूचे चोन्नाम विद्यापीठ अशा ठिकाणी येथील संशोधक गेले. आधी गेलेला मागच्याची शिफारस करी. मागचा तेथे पोहोचला की राहण्याची सोय, भाषा, जेवण यांत आधीचा मदत करी. अशी साखळी तयार झाली. ज्याच्या घरात आधी कोणी पदवीधरही नव्हते, अशी कितीतरी मुले या साखळीने परदेशी प्रयोगशाळेत पोहोचली. काही परत येऊन महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत शिकवू लागली आणि त्यांनी आपापल्या ठिकाणी पुन्हा चंचुपात्रे मांडली.

आज कोणत्या वाटा आहेत?

विद्यार्थ्याला पायरीपायरीने सांगता यावे म्हणून येथे मुख्य सोयी एकत्र देत आहोत.

बारावीला आपल्या मंडळात पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्यांसाठी २००८ मध्ये सुरू झालेली 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कम वर्षाला ८०,००० रुपये असून त्यात उन्हाळी संशोधन प्रकल्पाचा वाटाही आहे. पदवीच्या काळात तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मिळू शकते. दोन महिने एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायचे. ही शिष्यवृत्ती महाविद्यालयीन शिक्षकांनाही मिळते, हे मुद्दाम सांगायला हवे. राज्यातील विद्यापीठांचे 'आविष्कार' संशोधन संमेलन हे आपले काम मांडण्याचे पहिले व्यासपीठ ठरते.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प ही खरी दीक्षा. पुढे नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. २०१० मध्ये ती दरमहा १६,००० रुपये होती, २०१४ मध्ये २५,०००, २०१९ मध्ये ३१,००० आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये आहे. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या गटांतील विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी साहाय्य देतात. २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्यालाही पीएच.डी.ला प्रवेश मागता येतो. पोस्ट-डॉकसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. ती घेऊन भारतातल्याच दुसऱ्या संस्थेत काम करता येते.

जी गोष्ट लपवू नये

एवढे सांगून थांबलो तर ती जाहिरात होईल. या वाटचालीची दुसरी बाजूही आहे.

पहिली गोष्ट अशी की सोपी पद्धत हातात आली की तिचा साचा होतो. एका पदार्थाचा थर दिला, दहा मापने केली, शोधनिबंध छापला. मग त्यात दुसरा धातू मिसळला, पुन्हा तीच दहा मापने, दुसरा निबंध. प्रश्नाशिवाय उत्तरे जमा होत जातात. पदोन्नती आणि प्रवेश निबंधांच्या संख्येवर अवलंबून राहिल्याने देशभर ही सवय वाढली. पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली. सक्ती गेली तरी सवय जायला वेळ लागेल.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. संशोधनात शिरण्याचे दार या प्रयोगशाळांनी रुंद केले, पण बाहेरचे दार अरुंदच राहिले. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतील आणि विद्यापीठांतील अनेक जागा वर्षानुवर्षे रिक्त राहिल्या. परदेशातून चांगले काम करून आलेला संशोधक तासिका तत्त्वावर शिकवताना आढळतो. थर देण्याचे हे कौशल्य सामावून घेईल असा कारखानदारीचा आधारही सोलापूर परिसरात फारसा नाही. म्हणून कित्येक जण पुन्हा विमानात बसतात. यात विद्यार्थ्याचा दोष नाही आणि त्याच्या मार्गदर्शकाचाही नाही. पण बी.एस्सी.च्या मुलाला हे माहीत असले पाहिजे. विशेषतः जिच्या घरी लग्नाची घाई आहे आणि ज्याच्या घरी कमावत्या हाताची वाट पाहिली जात आहे, त्या दोघांना संशोधनाची पाच-सहा वर्षे म्हणजे काय, हे आकड्यांसह सांगितले पाहिजे.

शिक्षकांनी काय करावे?

आमच्या मते तीन गोष्टी सहज करता येतील.

पहिली म्हणजे जवळची प्रयोगशाळा दाखवणे. विद्यापीठाच्या विभागाला पत्र पाठवून आठवी-नववीची नव्हे, तर अकरावी ते बी.एस्सी.ची मुले एक दिवस नेऊन आणावीत. तेथील संशोधक विद्यार्थ्यांशी त्यांना बोलू द्यावे. आपल्याच तालुक्यातला कोणी हे काम करतो हे पाहिल्यावर भीती बरीच कमी होते.

दुसरी म्हणजे नॅनोकणांचा एखादा प्रयोग स्वतः करणे. २००४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पानांच्या काढ्याने चांदीचे आणि सोन्याचे नॅनोकण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. सिल्व्हर नायट्रेटच्या अतिशय विरल द्रावणात पानांचा गाळलेला काढा घालून ठेवला तर काही तासांत द्रावण पिवळसर तपकिरी होते. हा रंग चांदीच्या नॅनोकणांमुळे येतो. सिल्व्हर नायट्रेटचे डाग पडतात, म्हणून हातमोजे वापरावेत आणि प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावा. नंतर मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. पाने वाळलेली घेतली तर? काढा दुप्पट घातला तर? अंधारात ठेवले तर? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना येथेच शिकवता येते.

तिसरी म्हणजे प्रयोगशाळा निवडताना काय विचारावे हे विद्यार्थ्याला शिकवणे. मार्गदर्शकांचे निबंध किती, हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी विचारावे : येथे कोणत्या प्रश्नाचा शोध चालू आहे? शिष्यवृत्ती किती काळ आणि वेळेवर मिळते का? मापने कोठे होतात? येथून पीएच.डी. झालेले विद्यार्थी आज काय करतात? चांगला मार्गदर्शक या प्रश्नांनी रागावत नाही.

"संशोधनासाठी पुण्या-मुंबईलाच जावे लागेल ना?" याला आता नेमके उत्तर देता येते. सुरुवातीसाठी जावे लागत नाही, सोलापुरात ती सोय आहे. मधल्या काळात काही दिवस मुंबईला, इंदूरला नमुने घेऊन जावे लागेल. पुढे कदाचित कोरियालाही जावे लागेल. आणि परत येण्यासाठी जागा असावी, हे मात्र एकट्या विद्यार्थ्याच्या हाती नाही. त्यासाठी रिक्त जागा भरा असा आग्रह आपण शिक्षकांनी, पालकांनी आणि महाविद्यालयांनी मिळून धरला पाहिजे. काचपट्टीवर थर बसायला द्रावण तयार लागते, आणि ते तयार करण्याचे काम पन्नास वर्षे येथे चालू आहे. ते वाया जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.